म्हातारपणी आपल्याच घरात राहायचं तर: बडोद्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली जुनी घरं आणि मांजलपूर, गोत्री, वासणा रोडवरचे फ्लॅट यांच्या अडचणी वेगळ्या. एकीकडे उभा दादर (जिना) आणि अंधारा बोळ, दुसरीकडे आरशासारखी लादी आणि बाथरूमचं अरुंद दार. खालची उत्तरं दोन्ही घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

सुरुवात कुठून करायची? बाजारातून काय काय आणायचं?

आधी बाजारात जाऊच नका. दिवसाउजेडी घरातल्या भिंती, चौकटी आणि कपाटांच्या कडा नीट बघा. ठरावीक उंचीवर हाताचे काळपट, तेलकट डाग दिसतील. बाथरूमच्या चौकटीवर, पलंगाजवळच्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर. आजी-आजोबांचा हात रोज तिथे टेकतो. आधार तिथेच हवा, आणि त्याच उंचीवर. टॉवेलचा दांडा वाकलाय, बेसिन हलतंय, दाराची मूठ सैल झालीय, या खुणाही तेच सांगतात.

मग पलंगापासून संडासापर्यंतची रात्रीची वाट धरा. रात्री दोन वाजता ती स्वतः चालून बघा आणि काय काय आडवं येतं ते मोजा: पायपुसणं, टीपॉयचा कोपरा, चार्जरची वायर, उंबरा, ओली लादी. ही एक वाट आधी पूर्ण नीट करा. बाकीचं घर महिनाभराने केलं तरी चालेल.

एका रविवारी, भोक न पाडता एवढं होतं: सुटी पायपुसणी आणि सतरंज्या उचलायच्या, वायरी भिंतीलगत क्लिपने बसवायच्या, वाटेत दोन सेन्सरचे दिवे लावायचे आणि रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणायच्या. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढण्याचं कारणच उरलं नाही पाहिजे.

बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला होता, तो सहा महिन्यांत उखडला. असं का होतं?

कारण स्क्रू विटेपर्यंत पोचलाच नव्हता. बाथरूमची भिंत बाहेरून आत अशी असते: ८-१० मिमी टाइल, तिच्यामागे १५-२० मिमी मसाला, त्यामागे १२-१५ मिमी प्लास्टर. म्हणजे जवळजवळ दीड इंच गेल्यावर वीट लागते. दांड्याच्या डब्यात मिळणारे दीड-दोन इंची स्क्रू आणि प्लास्टिकचे गुल्ले टाइल-प्लास्टरमध्येच अडकून राहतात. टॉवेल टांगायला ते पुरतात. तोल जाणाऱ्या माणसाचा झटका त्यांना झेपत नाही.

दांडा स्टेनलेस स्टीलचा, ३०४ ग्रेडचा घ्या. जाडी ३२ ते ३८ मिमी; यापेक्षा बारीक असेल तर पकड बसत नाही, जाड असेल तर संधिवाताची बोटं मिटत नाहीत. भिंत आणि दांडा यांच्यात ३८-४० मिमी जागा पुरे. जास्त ठेवली तर घसरताना कोपरापर्यंत हात आत जाऊन मोडू शकतो. दोन्ही टोकांच्या चकत्यांना प्रत्येकी तीन भोकं हवीत. पृष्ठभाग गुळगुळीत चकचकीत असण्यापेक्षा किंचित खरखरीत बरा, कारण साबणाचा हात सरकतो.

बसवताना टाइलवर मास्किंग टेप लावून खूण करायची. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचं हॅमर बंद ठेवायचं, नाहीतर टाइल तडकते. वीट लागली की हॅमर चालू. ८ मिमीचा अँकर फास्टनर, एकूण लांबी ७५ ते १०० मिमी, म्हणजे विटेत निदान दीड-दोन इंच शिरेल. नळाच्या आणि गीझरच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका; पाइप बहुधा त्याच रेषेत असतो. चकतीभोवती सिलिकॉन भरा, नाहीतर पाणी आत मुरून स्क्रू गंजतो आणि ते बाहेरून दिसत नाही.

भिंत कशाची आहे ते मिस्त्रीला आधी विचारा. नव्या इमारतींत बऱ्याचदा एएसीचे (सच्छिद्र काँक्रीटचे) हलके ब्लॉक असतात. त्यात साधा फास्टनर फुगवला की ब्लॉक चुरतो. तिथे केमिकल अँकर (भोकात भरलेल्या रसायनाने घट्ट चिकटणारा बोल्ट) लागतो. पोळीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्लीतल्या, जुन्या घरात चुन्याची जोडाई आणि लाकडी सांगाडा असतो, तिथेही हीच गत. अशा ठिकाणी भिंतीतून आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावणं किंवा जमिनीतून उभा खांब काढणं सगळ्यात भरवशाचं.

काम झाल्यावर घरातल्या सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाने दांड्याला पूर्ण भार देऊन लटकून बघायचं. केमिकल अँकर असेल तर दुसऱ्या दिवशी. मिस्त्रीला राग आला तरी चालेल.

दांडा नेमका कुठे आणि किती उंचीवर?

पुस्तकी उत्तर: आडवा दांडा जमिनीपासून ८०-९० सेंमी. खरं उत्तर: ज्यांच्यासाठी बसवताय त्यांना तिथे उभं करा, कमोडवर बसवा आणि हात आपोआप जातो तिथे पेन्सिलने खूण करा. पाच फुटांच्या आजी आणि पावणेसहा फुटांचे आजोबा एकच बाथरूम वापरत असतील तर आडव्याच्या जोडीला एक उभा दांडा लावा. उभ्यावर प्रत्येकाला आपली उंची सापडते.

तीन जागा पक्क्या: बाथरूमच्या दाराशी उभा, कमोडच्या बाजूच्या भिंतीला आडवा किंवा एल आकाराचा, आणि आंघोळीच्या जागी नळाजवळ. कमोडच्या बाजूला भिंतच नसेल तर मागच्या भिंतीला अडकवून वर-खाली होणारा घडीचा दांडा मिळतो. अर्धांगवायू झालेला असेल तर आधार चांगल्या हाताच्या बाजूला.

हवेच्या दाबाने चिकटणारे, स्क्रू नसलेले दांडे घेऊ नका. टाइलच्या जोडावर किंवा खडबडीत टाइलवर ते धरत नाहीत, आणि गुळगुळीत टाइलवरही कधी सुटतील सांगता येत नाही. त्यांचा खोटा भरवसाच घात करतो.

लादी बदलायलाच हवी का?

बहुतेक वेळा नाही. घसरण्याचं मूळ लादीत कमी आणि तिच्यावरच्या थरात जास्त असतं: साबण, बोअरच्या जड पाण्याचे क्षार, आणि आपल्याकडे डोक्याचं तेल. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या दिवशी तेल-उटणं लावलेल्या पायांनी न्हाणीत उतरणं हा वर्षातला सगळ्यात निसरडा क्षण. तेल बाहेर खुर्चीवर बसून लावावं, तळपाय मात्र कोरडे ठेवावेत.

कोट्याच्या फरशीवर ॲसिड किंवा अँटी-स्किड केमिकल टाकू नका. कोटा हा चुनखडक आहे. आम्ल त्याला खातं, खड्डे पडतात, त्यांत शेवाळ धरतं. वर्षानुवर्षं ॲसिडने धुतलेल्या मोऱ्या अशाच बुळबुळीत होतात. सिरॅमिक टाइलवर हे केमिकल चालतं, पण वर्ष-दीड वर्षाने असर कमी होत जातो.

नवी टाइल घ्यायचीच असेल तर दुकानात आर १० किंवा आर ११ मागा (हा न घसरण्याचा दर्जा; आकडा मोठा तितकी पकड जास्त). पाणी पडतं तिथे आर ११. नुसतं मॅट फिनिश म्हणजे अँटी-स्किड नव्हे. टाइल जितकी लहान तितके सांधे जास्त आणि पायाला पकड जास्त. दोन बाय चार फुटांची टाइल बाथरूममध्ये दिसायला छान, पायाखाली वाईट. दुकानातच नमुन्यावर पाणी आणि साबणाचा थेंब टाकून अनवाणी पाय घासून बघा. दुकानदारांना सवय असते.

मागच्या चोकडीकडे (भांडी-कपडे धुण्याच्या खोलगट जागेकडे) कुणाचं लक्ष जात नाही. चार-सहा इंच खोल, कायम ओली, धरायला काही नाही, आणि भांडी-कपड्यांच्या निमित्ताने दिवसातून दहा चकरा. तिच्या कडेवर पिवळी किंवा पांढरी दोन इंची पट्टी रंगवा आणि शेजारी एक उभा दांडा लावा.

आजी पाटावर बसूनच आंघोळ करतात. चालेल का?

पाटावर बसणं चालेल. उठणं चालत नाही. ओल्या जागेवरून, ओल्या हातांनी, गुडघ्यांवर सगळा भार घेऊन उठताना तोल जातो. १७-१८ इंच उंचीची, हात असलेली, पायांना रबरी टोप्या असलेली शॉवर खुर्ची आणा आणि जोडीला हातशॉवर किंवा लहान तांब्या. लग्नाच्या मांडवातलं प्लास्टिकचं स्टूल नको. त्याचे पाय ओल्या टाइलवर फाकतात, आणि जुनं प्लास्टिक ठिसूळ होऊन एकाएकी तडकतं.

संडास भारतीय पद्धतीचा आहे. तोडायचा का?

गुडघे दुखायला लागले आहेत पण तोडफोड नको असेल तर त्यावर ठेवायची लोखंडी कमोड खुर्ची मिळते. तिचे चारही पाय एकसारख्या पातळीवर टेकतात का ते बघा. जुने संडास चौथऱ्यावर असतात आणि एक पाय कडेवर येतो. तसं असेल तर खुर्ची ठेवूच नका.

पाश्चात्त्य कमोड साधारण १५-१६ इंच उंच असतो. ज्येष्ठांना १७ ते १९ इंच बरं पडतं, म्हणून वर २ किंवा ४ इंचांचा रेझर (बैठक उंच करणारा भाग) लावतात. क्लॅम्पने घट्ट होणाराच घ्या. नुसता वर ठेवायचा रेझर एका बाजूला भार पडला की फिरतो. उंची फार वाढवली आणि पाय अधांतरी राहिले तर पोट साफ व्हायलाही त्रास होतो.

जेटचा नळ मागे वळून घ्यावा लागत असेल तर तो पुढच्या हाताशी आणा. पाइप दोन फूट लांब घ्यायचा, एवढंच काम आहे.

बाथरूमच्या दाराचं काय?

दार आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं करून घ्या. आत पडलेला माणूस दारालाच अडतो आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. बिजागऱ्या पलटवायला सुताराचा अर्धा दिवस जातो. कडी काढून बाहेरून नाण्याने उघडेल असं कुलूप बसवा. तोवर निदान आतली कडी न लावण्याची सवय.

जुन्या बाथरूमचं दार २४ ते २७ इंच असतं. साधा वॉकरच २४-२५ इंच रुंद असतो, त्यामुळे माणूस वॉकर तिरका करतो किंवा बाहेर सोडून आत जातो. दाराची फळी चौकटीबाहेर पूर्ण फिरेल अशा ऑफसेट बिजागऱ्या लावल्या तर दीड-दोन इंच मिळतात. व्हीलचेअरसाठी ३२ इंच मोकळी जागा धरा.

गीझरबद्दल काय काळजी घ्यावी?

दोन गोष्टी, आणि दुसरी जिवावरची.

विजेच्या गीझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते आणि मधुमेह असेल तर पायांना चटका उशिरा कळतो. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. बाथरूमच्या सर्किटवर ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं बटण) हवंच, आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबायचं. बादलीतला हीटिंग रॉड घरातून हद्दपार करा.

गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत असेल तर तो आजच बंद करा. गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. चक्कर येऊन माणूस खाली बसतो आणि उठत नाही. बडोद्यात पाइपचा गॅस बऱ्याच घरांत आहे, म्हणून असे गीझरही बरेच. मशीन मोकळ्या गच्चीत किंवा उघड्या चोकडीत लावून गरम पाण्याची पाइपच आत आणायची. एक्झॉस्ट पंखा हा यावरचा उपाय नाही.

गॅस चालू राहिला तर? गळतीचा अलार्म कुठे लावायचा?

तुमच्याकडे कोणता गॅस आहे यावर ते ठरतं, आणि हीच चूक सर्रास होते. पाइपचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. अलार्म छताखाली फूटभर अंतरात. सिलिंडरचा एलपीजी जड, तो जमिनीलगत साचतो. अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर. सिलिंडर असताना छताजवळ लावलेला अलार्म वाजेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

विसरभोळेपणा सुरू झाला असेल तर शेगडीला ठरलेल्या वेळाने गॅस बंद करणारा टायमर बसवा. चहा-दूध गरम करायला इंडक्शन हा सोपा मार्ग आहे. त्याला सपाट बुडाची, चुंबक चिकटणारी भांडी लागतात.

दादर फार उभा आहे. रेलिंग पुरेल का?

पोळीतल्या घरांचे दादर नऊ-दहा इंच उंच पायऱ्यांचे आणि पाऊल पुरं न मावणारे असतात. सोयीची पायरी साधारण सहा-साडेसहा इंच उंच आणि अकरा-बारा इंच रुंद. हा फरक रेलिंगने भरून निघत नाही. तरी करायचं ते करा: दोन्ही बाजूंना कठडा, तो पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर नेलेला, कारण शेवटच्या पायरीवरच हात सुटतो. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंची ठळक रंगाची पट्टी. दिव्याचं बटण वरही आणि खालीही. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर उतरताना पायऱ्या अस्पष्ट दिसतात; जिन्यासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

एक पाय दुखरा असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

आणि मग झोपायची खोली खाली आणण्याचा विचार करा. हे सुचवलं की घरात अबोला होतो हे खरं. कपाट, देव आणि टीव्ही तिघंही बरोबर खाली आले तर तो लवकर सुटतो.

ओट्याला तीन पायऱ्या आहेत. रॅम्प करावा का?

हिशोब करा. रॅम्पचा उतार एकास बारा हवा: एक इंच चढायला एक फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, म्हणजे अठरा फूट रॅम्प. बोळात तेवढी जागा नसते. पाच फुटांत कोंबलेला रॅम्प पायऱ्यांपेक्षा धोक्याचा. पावसात तर घसरगुंडीच. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना कठडा लावा आणि पायरी नऊ इंचांची असेल तर तिच्यापुढे अर्धी पायरी बांधून साडेचार-साडेचारची करून घ्या.

घरातला उंबरा काढवत नसेल तर काढू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी किंवा रबरी उतरती पट्टी लावा. हळदीकुंकवाला मधली जागा उरते.

हिंचका काढून टाकायचा का?

नको. बडोद्याच्या घरात हिंचका काढला तर आजोबा बसणार कुठे आणि सकाळचा पेपर वाचणार कुठे? धोका झोके घेण्यात नाही, बसण्या-उठण्यात आहे. माणूस मागे टेकायला जातो आणि पाट मागे सरकतो. किंवा उठताना हात पाटावर दाबतो आणि पाट मागून पोटरीवर आपटतो.

म्हणून हिंचक्याला अडसर लावा. मागच्या भिंतीत किंवा जमिनीत एक पक्का कोयंडा, आणि पाटाच्या मागच्या कडेपासून त्याच्यापर्यंत आखूड साखळी, टोकाला एका हाताने लागेल-सुटेल असा हूक. बसण्याआधी हूक लावलेला, बसल्यावर हवा तर सोडायचा, उठण्याआधी पुन्हा लावायचा. वाकून हूक लावणं जमत नसेल तर तो कायम लावलेलाच ठेवा. हिंचका मग दिवाण होतो, पण जागा आणि मान तसाच राहतो.

पाटाची उंची १७-१८ इंच, गादीसकट मोजून. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. समोर अडीच-तीन फूट मोकळं आणि खाली सतरंजी नको. दिवाळीच्या साफसफाईत, पितळी कड्यांना ब्रासो लावताना, छतातला किंवा तुळईतला हूकही शिडीवर चढून तरुण माणसाने बघावा: गंज, तडा, कडी घासून पडलेली खाच. खाच पडलेली कडी बदला. करकर आवाज तेलाने बंद होतो, झीज भरून येत नाही.

देवघर जमिनीवर आहे. पूजेला बसता येतं, उठता येत नाही.

देवघर टेबलाच्या उंचीवर, अडीच फुटांवर न्या आणि समोर हातांची खुर्ची ठेवा. आरतीला उभं राहायचं तर एका हाताला धरायला कडा लागेल असं बघा. निरांजन खालच्या फळीवर आणि पदर-बाही वर असं होऊ देऊ नका. सिंथेटिक साडी आणि गाऊन पेट घेताना अंगाला चिकटतात. सुती वापरा, समई काचेच्या आवरणात ठेवा.

दिवे किती आणि कसे?

साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. तुम्हाला पुरेसा वाटणारा दिवा त्यांना अंधुक असतो. रात्रीच्या वाटेवर मात्र झगझगीत ट्यूब नको, डोळे दिपतात. जमिनीपासून फूट-सव्वाफुटावर पिवळसर सेन्सर दिवे लावा. बाथरूममध्ये आणि जिन्यात वीज गेल्यावरही जळणारा इमर्जन्सी बल्ब साध्या होल्डरला बसतो. पांढऱ्या भिंतीवर पांढरं बटण दिसत नाही. भोवती रंगीत टेपची चौकट करा.

घरात एकटेच असतात. मुलगा परदेशात. पडले तर कुणाला कळणार?

साधी वायरलेस घंटा घ्या. बटण बाथरूममध्ये जमिनीपासून फूटभर उंचीवर चिकटवा, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोचतो. घंटा शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये. जाड भिंतींतून सिग्नल जातो का ते दोन्ही दारं बंद करून तपासा, आणि बटणातला सेल दर सहा महिन्यांनी बदला. घराची एक किल्ली शेजारी हवीच. घंटा वाजली आणि दार आतून बंद असेल तर उपयोग काय?

फोन गळ्यात किंवा खिशात ठेवा, टेबलावर नको. ॲम्ब्युलन्सला १०८. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. ती माहिती आणि सल्ल्यासाठी आहे, आणीबाणीसाठी नाही.

पडल्यावर लगेच उचलायचं का?

नाही. आधी विचारा, बघा. एक पाय आखूड दिसतोय आणि बाहेर वळलाय, मांडीच्या सांध्यात कळ आहे, मान दुखते, बोलणं अडखळतंय: हलवू नका, १०८. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या. मेंदूतला रक्तस्राव उशिरा कळू शकतो.

काही दुखत नसेल तर त्यांना स्वतः उठू द्या: कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, दोन्ही हात बैठकीवर, चांगला पाय पुढे, मग वळून बसणं. काखेत हात घालून ओढलं तर खांदा निखळतो आणि तुमची कंबर जाते.

सकाळी उठताना पडत असतील तर उभ्याने आणि झोपून असं दोन्ही वेळा बीपी मोजून डॉक्टरांना दाखवा. पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटं बसून मगच उभं राहावं. पलंगाची उंची गादीसकट १८-२० इंच.

बाबा ऐकतच नाहीत. "मी काही म्हातारा झालो नाही" म्हणतात.

त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्यासाठी म्हणून काही बसवू नका. दांडा "पाहुण्यांसाठी", सेन्सरचा दिवा "विजेचं बिल कमी यावं म्हणून". रंग आणि जागा त्यांना ठरवू द्या. काठी मात्र मापाने घ्या: हात सरळ सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आजोबांच्या आजोबांची चांदीच्या मुठीची काठी सहसा मापात नसते. खालून कापून रबरी टोपी लावली तर तीच चालते, आणि तीच ते खुशीने घेतात.

सरकारी मदत मिळते का?

घरातल्या बदलांसाठी थेट नाही. राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीच्या पुढच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र मोफत मिळतं. तपासणी शिबिरात होते. सत्तरीच्या पुढच्यांचं आयुष्मान कार्ड रुग्णालयात भरती झाल्यावर कामाला येतं, दांड्याला नाही.

खोली खाली आणली, पण आमच्या भागात विश्वामित्री नदीचं पाणी भरतं. मग?

हा बडोद्याचा खास पेच आहे. ३१ जुलै २०१९ला आणि ऑगस्ट २०२४मध्ये ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं त्यांना तो सांगायला नको. जिन्यामुळे पडण्याचा धोका रोजचा, पुराचा काही वर्षांतून एकदा. म्हणून झोपायची खोली खालीच असावी. पण वरची खोली जूनपासून तयार ठेवायची: गादी, पंखा, पिण्याचं पाणी, पंधरा दिवसांची औषधं, चष्मा, कागदपत्रं आणि कमोड खुर्ची. वर संडास नसेल तर ही खुर्ची सगळ्यात महत्त्वाची.

तळमजल्याची प्लग-बटणं चार फुटांवर घ्या आणि खालच्या मजल्याचं एमसीबी वेगळं ठेवा, म्हणजे पाणी आत येण्याआधी तेवढीच वीज बंद करता येते. ऑक्सिजन मशीन लागत असेल तर ते आणि त्याचा बॅकअप पहिल्यापासून वरच.

आजव्याच्या तलावातून नदीत पाणी सोडल्याची बातमी आली की त्याच वेळी आजींना वर न्या. पाणी ओट्याला लागल्यावर उभ्या दादरावरून, अंधारात, ओल्या पायांनी नेणं फार कठीण. चढता येत नसेल तर भक्कम लाकडी खुर्चीत बसवून छातीला आणि कमरेला पट्टा बांधायचा आणि दोघांनी उचलायचं: खुर्चीची पाठ जिन्याच्या वरच्या बाजूला, जास्त ताकदीचा माणूस खाली. पाठुंगळीला घेऊ नका. वळणावर खुर्ची वळते का ते मे महिन्यात, रिकामी खुर्ची नेऊन बघून ठेवा.